एक अक्षर, अनेक अर्थ : फादर टॉमस स्टीफन्स

एकाच तोंडावळ्याची दोन माणसे दोन निरनिराळ्या गावांत भेटली, म्हणून ती सख्खी भावंडे असतीलच असे नाही. शब्दांचेही तसेच आहे. हिंदीच्या पुस्तकात ‘शिक्षा’ हा शब्द आला की त्याचा अर्थ शिक्षण. तेच दोन अक्षरांचे रूप मराठीत आले की त्याचा अर्थ दंड, आणि या बाबतीत कानडी आणि तेलुगू भाषा आपल्याच बाजूच्या आहेत. हिंदी माणसाचा ‘संसार’ म्हणजे अवघे जग. आपला संसार चूल, भांडी, मुलेबाळे आणि महिनाअखेरची ओढाताण एवढ्यात मावतो. शब्द तोच, लेखन तेच, पण एका भाषेतून दुसऱ्या भाषेत पाऊल टाकले की अर्थ पालटतो.

युरोपात तर हा खेळ फारच रंगलेला आहे, कारण तेथील बहुतेक देशांनी एकच रोमन लिपी आपापसांत वाटून घेतली आहे. इंग्रजीत ‘गिफ्ट’ म्हणजे भेटवस्तू. त्याच चार अक्षरांचा जर्मन भाषेतील अर्थ विष. स्वीडनमध्ये तर त्याच शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक विष आणि दुसरा विवाहित! इटालियन माणसाचा ‘बुर्रो’ म्हणजे लोणी, तर स्पॅनिश माणसाचा ‘बुर्रो’ म्हणजे गाढव. इंग्रजीत ज्या अक्षरांनी ‘पेन’ म्हणजे वेदना लिहितात, त्याच अक्षरांना फ्रेंच माणूस ‘पँ’ असे वाचतो आणि त्याला भाकरी आठवते.

मित्रहो, या गमती वाचून हसू येते. पण ज्याला एका भाषेतले मनोगत दुसऱ्या भाषेच्या अक्षरांत उतरवायचे असते, त्याच्या दृष्टीने ही गंमत राहत नाही. त्याच्यासाठी तो रोजचा झगडा असतो. असा झगडा चाळीस वर्षे करणारा एक माणूस मराठी वाङ्मयाच्या इतिहासात होऊन गेला. तो जन्माने इंग्रज होता, धर्माने कॅथलिक होता, पोर्तुगीजांच्या राज्यात राहत होता आणि ओव्या मात्र मराठीत लिहीत होता. ‘क्रिस्तपुराण’कार फादर टॉमस स्टीफन्स हे त्यांचे नाव. प्राचीन मराठीच्या अभ्यासात आपण त्यांचे नाव वाचतो, त्यांनी केलेली मराठीची स्तुती पाठ करतो आणि पुढच्या कवीकडे वळतो. त्यांच्या आयुष्याकडे थोडे थांबून पाहावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

स्टीफन्स यांचा जन्म सुमारे 1549 साली इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातल्या बुश्टन या खेड्यात झाला. वडील लंडनचे व्यापारी होते. विंचेस्टर येथे त्यांचे शिक्षण झाले. तो काळ इंग्लंडमध्ये मोठ्या धार्मिक उलथापालथीचा होता. 1558 मध्ये एलिझाबेथ राणी गादीवर आली आणि देशाचा चर्च पोपपासून वेगळा झाला. 1570 मध्ये पोपने राणीला धर्मबहिष्कृत केले आणि जुन्या कॅथलिक पंथाला धरून राहणे राजद्रोहासारखे ठरू लागले. टॉमस पाउंड नावाच्या मित्राबरोबर रोमला जाऊन येशूसंघात, म्हणजे जेझुइट पंथात प्रवेश करावा असा स्टीफन्स यांचा बेत होता. पण पाउंड पकडला गेला आणि त्याने आयुष्यातील सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोचले. 20 ऑक्टोबर 1575 रोजी त्यांना येशूसंघात प्रवेश मिळाला.

ज्या माणसाला स्वतःच्या देशात स्वतःच्या श्रद्धेप्रमाणे राहता आले नाही, तो माणूस पुढे ज्या देशात आला तेथेही हीच वेळ इतरांवर आलेली होती, आणि ती आणणारे त्याच्याच पंथाचे राज्यकर्ते होते. स्टीफन्स यांच्या चरित्रातील हा मोठाच विरोध आहे. त्याकडे डोळेझाक करून चरित्र लिहिता येणार नाही. त्याविषयी पुढे येईलच.

4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनच्या बंदरातून त्यांचे जहाज सुटले. आफ्रिकेला वळसा घालून 24 ऑक्टोबर 1579 रोजी ते गोव्याला लागले. साडेसहा महिने पाणी आणि आकाश यांखेरीज फारसे काही दिसले नसेल! गोव्याला उतरल्यावर 10 नोव्हेंबरला त्यांनी वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिले. त्यात वाऱ्यांचे, माशांचे, पक्ष्यांचे आणि खलाशांच्या आजारपणाचे वर्णन आहे. हे पत्र पुढे 1589 मध्ये हॅक्लूट या इंग्रज संपादकाने आपल्या प्रवाससंग्रहात छापले. भारतात येऊन स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचा उल्लेख केला जातो. ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना 1600 ची, म्हणजे तिच्याही आधी एकवीस वर्षे एक इंग्रज येथे आला होता. त्याला येथून मिरी न्यायची नव्हती. तो येथली भाषा शिकायला बसला.

त्यांच्याबरोबर कोणकोणत्या भाषा गोव्याला आल्या असतील? घरची इंग्रजी, धर्माची आणि विद्येची लॅटिन, रोमच्या मुक्कामातली इटालियन आणि राज्याची पोर्तुगीज. या चारही भाषा एकाच लिपीत लिहिल्या जातात. एक उदाहरण घेऊ. पोर्तुगीज लोक ‘क’ या उच्चारासाठी बहुधा ‘सी’ हे अक्षर वापरतात. आता आपले ‘करा’ हे साधे क्रियापद त्या पद्धतीने सी, ए, आर, ए अशा चार अक्षरांत लिहून पाहा. पोर्तुगीज आणि स्पॅनिश वाचकाला त्यात ‘चेहरा’ दिसेल. इटालियन माणसाला आणि लॅटिन जाणणाऱ्या पाद्र्याला ‘प्रिय’ (आणि तीही स्त्रीलिंगी) दिसेल. आयर्लंडच्या माणसाला ‘मित्र’ भेटेल. आणि साष्टीतल्या शेतकऱ्याच्या कानावर तोच शब्द पडला तर तो म्हणेल, काय करायचे ते सांगा, करतो!

खुद्द ‘पाद्री’ या शब्दाची कथाही अशीच आहे. इटलीत आणि स्पेनमध्ये ‘पाद्रे’ म्हणजे जन्मदाता बाप, आणि आदराने धर्मगुरूही. पोर्तुगालमध्ये बापाला ‘पाय’ म्हणतात आणि ‘पाद्रे’ हा शब्द धर्मगुरूसाठी राखून ठेवला आहे. पोर्तुगीजांकडून तो आपल्याकडे आला आणि ‘पाद्री’ झाला. आणि पोर्तुगीज ‘पाय’ ज्या तीन रोमन अक्षरांनी लिहितात, त्याच अक्षरांनी गोव्या-कारवारकडची ‘पै’ आडनावाची मंडळी आपले नाव लिहितात. लिस्बनच्या माणसाने ती पाटी वाचली तर या घरातले सगळेच बाप, असे त्याला वाटायचे!

पोर्तुगीजांनी आपल्याला पाद्री दिला तसा पावही दिला. आता हा ‘पाव’ मराठीत आला तेव्हा त्याच लेखनाचे दोन शब्द येथे आधीच राहत होते. एक ‘पाव’ म्हणजे चौथा हिस्सा, आणि दुसरा देवाला म्हणतात तो ‘पाव’, म्हणजे प्रसन्न हो. माझ्या आजीला अक्षरओळख नाही. मानवतच्या सोमवारच्या किंवा कुठल्याही बाजारातून पावशेर शेंगदाणे आणताना, देवापुढे हात जोडताना आणि आजारी नातवाला चहात पाव बुडवून देताना ती हे तिन्ही शब्द वापरते. तिची कधी गल्लत होत नाही. कारण तिने हे शब्द लिहिलेले पाहिलेलेच नाहीत. ते तिला माणसांच्या तोंडून, त्या त्या प्रसंगासह मिळाले. मला वाटते, स्टीफन्स यांनी नेमकी हीच वाट धरली. शब्द कोशातून घेण्याची सोय तेव्हा नव्हतीच. ते लोकांत राहून बोलणे ऐकत गेले.

गोव्यातील त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टी भागात गेले. मडगाव, राशोल हा तो परिसर. राशोलला स्थानिक लोक रायतूर म्हणतात. या भागात बोलायची भाषा कोकणी होती आणि ग्रंथांची भाषा मराठी होती. लोक घरी कोकणीत बोलत आणि पुराण मराठीत ऐकत. पण स्टीफन्स पोचले तेव्हा पुराण ऐकायची सोय उरली नव्हती. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मसमीक्षण न्यायालय सुरू झाले होते. 1567 च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडली गेली. देव घेऊन लोक पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर गेले. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा आज फोंडा तालुक्यात आहेत, त्यांचे मूळ कारण हेच. धर्माचे ग्रंथ बाळगण्यालाही बंदी आली. 1583 च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे संतापलेल्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांना ठार मारले. पुढे सरकारने तेथील गावकरांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांची कत्तल केली.

या रक्तपातानंतर तीनच महिन्यांनी, 24 ऑक्टोबर 1583 रोजी, स्टीफन्स यांनी आपल्या रिचर्ड नावाच्या भावाला एक पत्र लिहिले. त्यात कुंकळ्ळीची हकीकत आहे आणि भाषांविषयी काही ओळीही आहेत. येथील भाषा अनेक आहेत, त्यांचे उच्चार कानाला गोड लागतात आणि त्यांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे, असा त्यांचा अभिप्राय आहे. येथील अक्षर म्हणजे सुटा ध्वनी नसून व्यंजन आणि स्वर मिळून झालेला अवयव असतो, हेही त्यांच्या लक्षात आले होते. आपण बाराखडी पाठ करतो, पण तिच्यातले हे मर्म एका परदेशी माणसाने चार वर्षांत ओळखले! संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच कुळातील असाव्यात, हा विचार सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याला 1786 मध्ये मांडला. स्टीफन्स यांचे निरीक्षण त्याच्या दोनशे तीन वर्षे आधीचे आहे. त्याच सुमारास गोव्यात राहणाऱ्या फिलिप्पो सास्सेत्ती या इटालियन व्यापाऱ्यानेही सहा, सात, आठ, नऊ हे आकडे आणि ‘देव’ हा शब्द आपल्या भाषेशी जुळतो, असे घरी कळवले होते. ‘तू’ हा शब्द तर लॅटिन, इटालियन, पोर्तुगीज आणि मराठी या सर्व भाषांत ‘तू’च आहे. म्हणजे दिसायला सारखे आणि अर्थाने निराळे असे शब्द असतात, तसे दिसायला सारखे आणि मुळात खरोखरच एका रक्ताचे असेही शब्द असतात. दोहोंतला फरक ओळखायला दृष्टी लागते.

त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे सोबती हे इंग्रज प्रवासी हेर असल्याच्या संशयावरून कैदेत गोव्याला आणले गेले. त्यांना जामिनावर सोडवण्यासाठी स्टीफन्स यांनी खटपट केली. ज्या इंग्लंडने आपल्याला घरात राहू दिले नाही, त्याच इंग्लंडची माणसे संकटात दिसताच ते धावून गेले. माणूस म्हणून ते कसे होते, हे समजायला एवढी गोष्ट पुरेशी आहे.

आता त्यांच्या मोठ्या कार्याकडे वळू. भारतातील पहिला छापखाना 1556 मध्ये गोव्यातच आला. पण त्यात खिळे होते ते रोमन अक्षरांचे. या देशाच्या भाषेत आणि या देशाच्याच लिपीत पुस्तके छापली जावीत, अशी स्टीफन्स यांची फार इच्छा होती. 1608 मध्ये त्यांनी रोमला आपल्या संघाच्या प्रमुखांना तसे पत्रही लिहिले. अडचण अशी होती, की रोमन लिपीला पंचवीसभर अक्षरांत भागते. येथे मात्र काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरे धरली की शेकडो साचे पाडावे लागत. त्या काळी ते अशक्य वाटले. देवनागरी खिळ्यांनी मराठी छापली गेली ती त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, बंगालमध्ये सेरामपूरला. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण 1805 मध्ये तेथे निघाले.

म्हणून स्टीफन्स यांना मराठी ओव्या रोमन अक्षरांत लिहाव्या लागल्या. हे काम किती अवघड, याची कल्पना यावी म्हणून आपणच एक शब्द लिहून पाहू. एम, ए, एल, ए ही चार अक्षरे घ्या. यातून मराठीत ‘मला’ वाचता येईल, ‘माला’ वाचता येईल, ‘मळा’ वाचता येईल आणि ‘माळा’ही वाचता येईल. पोर्तुगीज वाचक त्यातून कपड्यांची पेटी काढील, आणि स्पॅनिश व लॅटिन जाणणारा ‘वाईट’ असा अर्थ काढील. लॅटिनमध्ये तर आणखी मौज आहे. ‘मालुम’ या एकाच लेखनात पहिला स्वर ऱ्हस्व धरला तर ‘पाप, वाईट गोष्ट’ आणि दीर्घ धरला तर ‘सफरचंद’! आदम आणि एवा यांनी खाल्लेले फळ कोणते, हे बायबलात सांगितलेले नाही. तरी युरोपच्या चित्रकारांनी एवेच्या हाती सफरचंद दिले. त्यामागे या दुहेरी शब्दाचाही हात असावा, असे अनेकजण मानतात.

हा गोंधळ टाळण्यासाठी स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती वापरली. ट, ड, ण, ळ हे उच्चार युरोपीय कानांना परके होते. त्यासाठी त्यांनी अक्षरे जोडीने लिहिली. साधा ‘ल’ असेल तर एक ‘एल’, आणि ‘ळ’ असेल तर दोन. ‘श’साठी त्यांनी ‘एक्स’ हे अक्षर घेतले, कारण पोर्तुगीज भाषेत त्याचा उच्चार बहुधा ‘श’ होतो. या एका अक्षराने आजही किती घोटाळा होतो पाहा. ज्यांचे शव जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस चर्चमध्ये आहे, त्या संताचे नाव पोर्तुगीज माणूस ‘शाव्हिएर’ असे वाचतो, फ्रेंच ‘ग्झाव्हिये’ म्हणतो आणि इंग्रजी शिकलेले आपण ‘झेवियर’ म्हणतो. लेखन एकच, माणूसही एकच, आणि उच्चार तीन!

ही अडचण फक्त परक्यांची आहे असे समजू नका. आपली आडनावे रोमन लिपीत लिहिली की काय होते, ते वर्गाच्या हजेरीपटावर पाहावे. ‘साने’ इंग्रज वाचकाला ‘सेन’, म्हणजे शहाणे ठरतात. ‘मोरे’ हे ‘मोअर’, म्हणजे अधिक होतात. ‘दाते’ तारीख होऊन बसतात. ‘माने’ घोड्याची आयाळ होतात, आणि लॅटिन पंडिताला ‘सकाळी’ असा अर्थ देतात. बिचाऱ्या ‘मुळें’चे तर खेचर होते! आपल्या गावाच्या नावातली पहिली तीन रोमन अक्षरे घेतली, तरी मराठी माणूस त्यांतून मन वाचील किंवा मान वाचील, आणि इंग्रज पुरुष वाचील. ज्या लिपीचा आपल्याला अभिमान आहे तिच्यातही ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण हे दोन शब्द एकसारखेच लिहिले जातात. उच्चार निराळा, पण तो कागदावर दिसत नाही. लिपी कोणतीही असो, ती अर्थ पुरता सांगू शकत नाही. ती फक्त खूण करते.

अशा रोमन अक्षरांत 1616 मध्ये राशोल येथे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. पोर्तुगीज शीर्षकात त्याला ख्रिस्ताच्या जगातील आगमनावरचे प्रवचन म्हटले होते. आत मात्र ‘पहिले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ असे दोन भाग आहेत. पहिल्यात बायबलच्या जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात येशूचे चरित्र आहे. दोन्ही मिळून पंच्याण्णव प्रकरणे, त्यांना ‘अवस्वरु’ म्हटले आहे, आणि सुमारे अकरा हजार ओव्या. मराठीची जी स्तुती आपण पाठ करतो, ती याच ग्रंथाच्या आरंभी आहे. सामान्य लोकांना समजावे म्हणून भाषा सोपी ठेवली आणि तीत येथल्या बोलीचे शब्द मिसळले, असे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे.

स्टीफन्स गोव्याला उतरले तेव्हा आपल्या गोदावरीच्या काठी पैठणला संत एकनाथ हयात होते. 1584 मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली आणि 1599 मध्ये देह ठेवला. नाथांच्या ओवीचे आणि स्टीफन्स यांच्या ओवीचे बाह्यरूप सारखेच आहे. दोघेही ‘वैकुंठ’ म्हणतात, ‘मोक्ष’ म्हणतात, ‘भक्ती’ म्हणतात, ‘गुरू’ म्हणतात. पण नाथांच्या वैकुंठात विष्णू आहे आणि स्टीफन्स यांच्या वैकुंठात येशूचा पिता आहे. ‘पुराण’ हा शब्दही तोच, आणि आतले सारे निराळे. इंग्रजी ‘गिफ्ट’ आणि जर्मन ‘गिफ्ट’ यांची गाठ तर कोशात पडते. येथे दोन अर्थांची गाठ माणसांच्या काळजात पडत होती. कालपर्यंत ज्याने वैकुंठ म्हणताना पांडुरंग पाहिला, त्याने आज तोच शब्द उच्चारून दुसरे काही पाहावे, अशी अपेक्षा होती.

यावर दोन मते पडतात. काहीजण म्हणतात, की ही शब्दांची पळवापळवी आहे. लोकांची देवळे गेली, पोथ्या गेल्या, आणि शेवटी शब्दही गेले. हे मत मी खोटे म्हणू शकत नाही. धर्म बदलावा, बदललेल्यांनी मागे फिरू नये, हाच या ग्रंथाचा हेतू होता आणि त्याच्यामागे राजसत्ता उभी होती. पण दुसरी बाजूही आहे. ज्यांच्याकडून सर्व काढून घेतले होते, त्यांना आपल्या भाषेतील एक मोठा ग्रंथ ऐकायला मिळाला. तुमची भाषा टाका आणि मग देवाकडे या, असे स्टीफन्स म्हणाले नाहीत. उलट देवाची कथा सांगायला हीच भाषा योग्य आहे, असे त्यांनी अकरा हजार ओव्यांनी दाखवून दिले. शब्द कोणाच्या मालकीचा नसतो. तो बोलणाऱ्यांच्या जगण्यातून अर्थ घेतो. नाथांनी वैकुंठाचा अर्थ लोकांच्या जगण्यातूनच घडवला होता, आणि साष्टीच्या ख्रिस्ती शेतकऱ्याने पुढे आपल्या जगण्यातून दुसरा घडवला. माझ्या मते दोन्ही अर्थ मराठीचेच आहेत. मात्र दुसरा अर्थ कोणत्या परिस्थितीत जन्मला, हे विसरून चालणार नाही.

1619 मध्ये गोव्यातच स्टीफन्स यांचे निधन झाले. ते पुन्हा इंग्लंडला गेले नाहीत. त्यांच्या नावाचेही भाषेगणिक रूप बदलले. इंग्रज त्यांना स्टीफन्स म्हणत, पोर्तुगीजांनी त्यांचे ‘इस्तेव्हांव’ केले, आणि जन्मगावावरून बुस्तेन असेही त्यांचे नाव कागदोपत्री सापडते. त्यांच्या मागे 1622 मध्ये कोकणी भाषेतील ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे पुस्तक आणि 1640 मध्ये कोकणीचे व्याकरण छापले गेले. भारतीय भाषांच्या छापील व्याकरणांतील हे अगदी आरंभीचे व्याकरण होय. त्याच्या पोर्तुगीज नावात भाषेला ‘कानारीम’ म्हटले आहे. पोर्तुगीजांचा ‘कानारीम’ म्हणजे कोकणी, आणि इंग्रजांचा ‘कॅनरीज’ म्हणजे कानडी! ज्या पंडिताने दोन अर्थांच्या शब्दांशी जन्मभर झुंज घेतली, त्याच्या पुस्तकाच्या नावातच असा शब्द राहावा, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

‘क्रिस्तपुराणा’च्या 1649 आणि 1654 मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पण 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. स्टीफन्स यांनी जे जन्मभर केले, त्याच्या अगदी उलट हा हुकूम होता. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. मग ग्रंथ वाचला कसा? लोकांनी तो हाताने उतरवून घेतला. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो बरोबर नेला आणि घराघरांतून गायला. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूरला रोमन लिपीतील आवृत्ती काढली. लंडनमध्ये मार्सडेन यांच्या संग्रहात एक देवनागरी हस्तलिखितही सापडले. पुढे 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांची आणि 1996 मध्ये कॅरिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ती निघाली. आपल्या अक्षरांत छापलेला ग्रंथ पाहण्याची स्टीफन्स यांची इच्छा त्यांच्या मृत्यूनंतर तीनशे सदतीस वर्षांनी पुरी झाली.

सरकारचा हुकूम विरला आणि घरातल्या माणसांनी जपलेली वही टिकली, हे मला या साऱ्या कथेत सर्वांत मोलाचे वाटते. भाषा सत्तेच्या कागदावर जगत नाही. ती तोंडात आणि कानात जगते. फादर स्टीफन्स यांना हे उमगले होते, म्हणून परक्या अक्षरांतही त्यांच्या मराठीचा श्वास कोंडला नाही.

आज आपल्यापैकी अनेकजण घरात एक बोली बोलतो, वर्गात प्रमाण मराठी लिहितो, हिंदीचे वर्तमानपत्र चाळतो आणि इंग्रजीच्या पेपराला घाबरतो. ओळखीच्या रूपाचा शब्द दिसला की त्याचा अर्थही ओळखीचाच असेल असे मानण्याचा मोह होतो. अशा वेळी विल्टशरच्या या माणसाची आठवण ठेवावी. त्यांनी शब्दाच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवला नाही. तो शब्द ज्यांचा आहे, त्यांच्यात जाऊन ते राहिले आणि मग त्याचा अर्थ त्यांनी लिहिला. भाषा शिकण्याचा याहून सोपा मार्ग चारशे वर्षांत कोणाला सापडलेला नाही. मराठीच्या या दूरदेशीच्या उपासकाला माझे विनम्र अभिवादन!

— बी. ए. द्वितीय वर्ष